पाहुणे निघेपर्यंत

डोंगरावर हॉटेल नको, पाहुणे आपल्या घरातच ठेवू, म्हणजे गाव आहे तसं राहील, असं ठरलं तेव्हा सगळ्यात मोठ्याने हो म्हणाले ते आमचे हे. त्यांचा आवाजच तसा. शेतातून हाक मारली की माझ्या चुलीपर्यंत यायची.

मग ते अंथरुणाला खिळले. पाहुणे यायचे शांततेसाठी आणि यांचा खोकला भिंतीपलीकडे जायचा. मुलगा मान खाली घालून म्हणाला, "आई, पाहुणे आहेत तोवर बाबांना गोठ्यात हलवू या?"

"हलव की," हेच म्हणाले. "गाई तर तू विकल्यासच, निदान बैल तरी राहू दे."

रविवारी मी पाहुण्यांसाठी नाश्ता बनवत होते. सून गोठ्यातून धावत आली आणि तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. तिचेच डोळे वाहत होते. "आई, बाबा गेले. पाहुणे निघेपर्यंत रडू नका हो."

मी वाढत राहिले. निघताना पाहुणीने माझे हात धरले. "आजी, काय नशीब तुमचं! अशी शांतता आम्हाला कुठेच मिळाली नाही."

गाडी वळणाआड गेल्यावर मी गोठ्यात धावले. यांनी पांघरुणाचं टोक दातांत घट्ट धरलेलं होतं. रडण्याआधी मला ते सोडवावं लागलं.