केदारखेड्याचा सोवळा संगणक

शनिवारी सकाळी केदारखेड्याच्या मातीपरीक्षण केंद्रापुढे एवढी गर्दी होती, की मला वाटलं आमदार आले असावेत. दाराला केळीचे खुंट बांधलेले, उंबरठ्यावर नारळाची शकलं, आणि आत टेबलावर आमचा नवा संगणक झेंडूची माळ घालून बसलेला. संगणकाला गळा नसतो, म्हणून माळ पडद्याच्या दोन कोपऱ्यांना चिकटपट्टीने लावली होती. कीबोर्डवर हळदीकुंकू वाहिल्यामुळे निम्मी बटणं अडकत होती. त्याची कुणाला फिकीर नव्हती.

टेबलासमोर पाटावर यंत्रानंद महाराज बसले होते. महाराज पूर्वाश्रमी पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देत. त्यांनी भरलेली मोटार महिनाभरात पुन्हा जळे, त्यामुळे गिऱ्हाईक तुटलं आणि मग त्यांना साक्षात्कार झाला. आता ते पिठाच्या गिरण्या, ट्रॅक्टर आणि संगणक यांची शांती करतात. त्यात एक सोय आहे. यंत्र चाललं तर महाराजांची कृपा, आणि नाही चाललं तर घरमालकाचं पाप.

"ह्या डब्यात काय हाय?" महाराजांनी गर्दीला विचारलं. "मदरबोर्ड. मदर म्हंजे माता. माता बसेल हाय आत. तिला स्पर्श समजतो. ती कुणाच्याबी हाताला राजी व्हत न्हाई. आता बघा."

मग हे केंद्र चालवणाऱ्या आमच्या शेतकरी गटाचे अध्यक्ष काकासाहेब यांनी प्रीतीला पुढे बोलावलं. प्रीती म्हणजे केंद्राची संगणक चालवणारी मुलगी. चार वर्षं तीच मातीचे नमुने तपासते, आकडे भरते, अहवाल छापते. तिने खुर्चीवर बसून आपल्या नावावर टिचकी मारली, पासवर्ड टाकला आणि मातीच्या नोंदींचा प्रोग्राम उघडला. पडद्यावर लाल फुली असलेली इंग्रजी चौकट आली. प्रोग्राम बंद.

"उठ बेटा," महाराज मवाळपणे म्हणाले.

तिच्या जागी महाराजांचा शिष्य कल्याण बसला. त्याने उदबत्ती ओवाळली, संगणकावर 'माऊली' नावाचं एक नवं खातं होतं त्यात पासवर्ड टाकला, तोच प्रोग्राम उघडला. पडद्यावर साऱ्या गावाच्या शेतांची यादी भरभर उतरली. गर्दीने जयजयकार केला. पुन्हा प्रीती बसली, पुन्हा फुली. पुन्हा कल्याण, पुन्हा यादी. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा बायकांनी पदर पसरून संगणकाला नमस्कार केला.

हे सगळं कुठून उपटलं ते सांगतो. आमचा जुना संगणक फेब्रुवारीत मेला. नवा आला, पण नोंदींचा प्रोग्राम त्यावर चालेना. ज्याने तो लिहिला होता तो पोरगा पुण्याला गेलेला, फोन उचलत नव्हता. आठ दिवस काम बंद. उन्हाळा तोंडावर आलेला, मोसंबीवाले शेतकरी अहवालासाठी खेटे घालत होते. तेव्हा काकासाहेबांनी महाराजांना बोलावलं. महाराजांनी शिष्यासह तासभर दार लावून अनुष्ठान केलं. दार उघडलं तेव्हा प्रोग्राम चालू झाला होता. फक्त प्रीतीच्या हाताने चालत नव्हता.

"मुलगी चांगली हाय," महाराज म्हणाले. "पन मातेला ते चालत न्हाई. आता ते का, हे मला बोलायला लावू नका. तुमी समजदार लोक हाव."

त्यांनी जात उच्चारली नाही. उच्चारायची गरजच नव्हती. गर्दीतल्या सगळ्यांनी एकदम दाराकडे पाहिलं. तिथे प्रीतीचे वडील संघपाल उभे होते. हा माणूस गवंडी. केंद्राच्या ह्याच भिंती त्याने बांधल्या, हीच फरशी त्याने घोटून गुळगुळीत केली. संगणक ज्या खोलीत ठेवला ती खोली त्याच्या हातची होती आणि तिच्याबद्दल मातेची काही तक्रार नव्हती. संघपाल आत आला. पोरीला घेऊन गेला.

सोमवारी अकरा वाजता गटाची बैठक ठरली. प्रीतीला कामावरून काढायचं आणि कल्याणला नेमायचं, एवढाच विषय. गटाचा सचिव मी. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला रामकिसन मास्तर. काकासाहेबांनी कागद पुढे केला आणि मी ठराव लिहिला, "यंत्र त्यांस स्वीकारत नसल्याने". शुद्धलेखन तपासून लिहिला. चमत्कारावर माझा काडीचा विश्वास नव्हता. पण युक्ती मला समजली नव्हती, आणि युक्ती न समजता विरोध केला तर हसं होईल असं वाटलं. ह्या वाटण्याची मला आजही लाज वाटते.

रविवारी दुपारी प्रीती घरी आली. हातात वही.

"सर, शनिवारी ती चौकट आली व्हती ना, ती कुणी वाचली का?"

"इंग्रजीत होती," मी म्हणालो. हे उत्तर किती लाजिरवाणं आहे ते बोलून झाल्यावर कळलं.

"मी उतरून घेतलीया." तिने वही उघडली. इंग्रजी वाक्याखाली पेन्सिलीने मराठी लिहिलं होतं: 'ह्या नावाचा माहितीसाठा मला सापडत नाही, आणि त्याच्यासाठी कोणता ड्रायव्हर वापरायचा हेही कुणी सांगितलेलं नाही.'

मी दोनदा वाचलं. साठ माणसं ज्या चौकटीपुढे शाप शाप म्हणून हात जोडत होती, ती बिचारी पत्ता विचारत होती.

"हेच वाक्य मी फोनमधी टाकून बघितलं," प्रीती म्हणाली. "सर, जगातल्या लाखो लोकांना ही चौकट आल्ती. त्यातल्या एकालाबी कुणी आंघोळ करून या म्हनलं न्हाई."

पुढे ती जे बोलली ते मी वर्गात शेकडो वेळा शिकवलं होतं, आणि गरज पडली त्या दिवशी मात्र विसरलो होतो. मातीच्या नमुन्याचा निकाल विचित्र आला, तर केंद्रात ती एक रीत पाळते. पिशवीवर शेतकऱ्याचं नाव नसतं, नुसता नंबर असतो. तीच माती दुसरा नंबर टाकून पुन्हा तपासायची, बाकी काही बदलायचं नाही.

"शनिवारी त्यांनी दोन गोष्टी संगं बदलल्या," ती म्हणाली. "मानूसबी बदलला आन खातंबी बदललं. मंग दोष मानसाचा हाय का खात्याचा, हे कसं कळणार? उद्या बैठकीत मला फक्त दहा मिनटं मिळवून द्या."

सोमवारी केंद्रात पाय ठेवायला जागा नव्हती. महाराज पुन्हा पाटावर. काकासाहेबांनी ठराव वाचायला सांगितलं. मी म्हणालो, "आधी मुलीचं ऐकून घेऊ." काकासाहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. एवढ्यात उषाबाई बोलल्या. त्यांची दीडशे मोसंबीची झाडं पिवळी पडत चाललेली, पंधरा दिवसांपासून त्या अहवालासाठी चकरा मारत होत्या.

"ऐकून घ्यायला काय खर्चा येतो का?" उषाबाई म्हणाल्या. "माझी झाडं वाळून राह्यलीत. कुणाच्याबी हातानं निघू द्या, पन कागद निघू द्या."

प्रीती पुढे झाली. "कल्याणदादा, तुमी तुमच्या खात्यात प्रोग्राम उघडा."

कल्याणने उघडला. यादी उतरली.

"आता तो बंद करा, पन खातं बंद करू नका. नुसते उठा."

कल्याण उठला. उठताना त्याचा चेहरा उतरल्याचं मी पाहिलं. प्रीती त्याच खुर्चीवर बसली, त्याच खात्यात तिने प्रोग्राम पुन्हा उघडला. सगळे फुलीची वाट पाहत होते. पडद्यावर यादी उतरली. तिने उषाबाईंचं नाव शोधलं, गेल्या तीन वर्षांचे आकडे एकाखाली एक आले.

"चाललं की तिच्या हातानं," मागून कुणीतरी म्हणालं.

महाराजांनी डोळे मिटले. "शिष्याच्या स्पर्शाची ऊब हाय खुर्चीत. मातेनं त्या उबेला मान देल्ला."

"बराबर," प्रीती म्हणाली. "मंग आता माझं खातं उघडते." तिने स्वतःचं खातं उघडलं, पासवर्ड टाकला आणि उठली. खुर्ची ओल्या फडक्याने पुसली, माऊसही पुसला. "महाराज, आता तुमी बसा. तुमच्यापेक्षा पवित्र हात इथं कुणाचा हाय?"

महाराज म्हणाले, त्यांना पाटावरून उठायची आज्ञा नाही. उषाबाईंनी खुर्ची सरळ पाटाजवळ ओढली. "आज्ञा मी देते. बसा जल्दी." लोक हसले. हसणाऱ्या गर्दीपुढे पाटावर बसून राहणं महाराजांना जमेना. ते उठले, खुर्चीवर बसले, सव्वा मिनिट मंत्र पुटपुटले आणि प्रोग्रामवर टिचकी मारली.

लाल फुली आली.

महाराजांनी पुन्हा टिचकी मारली. पुन्हा फुली. माता साक्षात महाराजांना ओळखत नव्हती. तिसऱ्यांदा मारायला गेले तेव्हा काकासाहेबच म्हणाले, "राहू द्या महाराज, बटन मोडंल."

मग प्रीतीने समजावून सांगितलं, आणि मी एकतीस वर्षांत एवढा शांत वर्ग पाहिला नाही.

"आपल्या मातीच्या नोंदी एका फायलीत हायत," ती म्हणाली. "प्रोग्रामला ती फाईल थेट वाचता येत न्हाई. दोघांच्या मधी एक दुभाष्या लागतो, त्यालाच ड्रायव्हर म्हनतेत. कोनता दुभाष्या घ्यायचा आन फाईल कुठं ठेवलीया, हे एकदा संगणकाला लिहून द्यावं लागतं आन त्याला एक नाव द्यावं लागतं. प्रोग्राम तेच नाव विचारतो. हे लिहायला दोन जागा हायत. एकात लिहिलं तर ज्यानं लिहिलं त्याच्याच खात्याला दिसतं. दुसऱ्यात लिहिलं तर सगळ्यांला. कल्याणदादांनी ते फक्त 'माऊली'च्या खात्यात लिहिलं. माझ्या खात्यात ते नावच न्हाई, मंग मी बसले काय आन महाराज बसले काय, फुलीच येणार."

तिने सेटिंगची खिडकी उघडून दाखवली. 'माऊली' खात्यात ते नाव होतं, तिच्या खात्यात त्या जागी कोरी यादी. सगळ्यांसाठीच्या जागेत लिहायला संगणकाचा मुख्य पासवर्ड लागतो. तो काकासाहेबांच्या पाकिटात चिठ्ठीवर होता; अनुष्ठानाच्या वेळी त्यांनी तो महाराजांनाही दिला होता. काकासाहेबांनी चिठ्ठी दिली. प्रीतीने दुसऱ्या जागेत नवी नोंद केली, ड्रायव्हर निवडला, नाव टाकलं, फाईल दाखवली, 'ठीक' दाबलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील. मग तिने काकासाहेबांना त्यांच्या खात्यात बसवलं. ते खातं त्यांनी आजवर एकदाही उघडलं नव्हतं. काकासाहेबांनी एका बोटाने टिचकी मारली आणि यादी उतरली. स्वतःच्या शेताचा अहवाल बघून त्यांना एवढा आनंद झाला, की ते क्षणभर महाराजांना विसरलेच.

उषाबाई विसरल्या नव्हत्या. "कल्याण, तुला म्हाईत व्हतं का रे हे?"

कल्याण खाली बघत म्हणाला, "व्हतं. मी जालन्याला संगणकाच्या दुकानात होतो. मी सगळ्यांसाठीच लिहून राह्यलो व्हतो. महाराज म्हनले, थांब, तुझ्यापुरतंच ठीव. मंग बाकीचं मी बघतो."

महाराज चपला शोधत होते. धावड्याला एका गिरणीची शांती आहे, उशीर झाला, असं म्हणत ते जीपमध्ये बसले. कुणी अडवलं नाही. दोघातिघांनी जीपला वाकून नमस्कारसुद्धा केला. सवय जायला वेळ लागतो.

काकासाहेबांनी हात झटकले. "चला, मिटलं. प्रीती, बस बाई कामाला. जे झालं ते सोडून दे."

प्रीती बसली नाही.

"काका, एक विचारू? समजा मला हे सापडलंच नसतं तर?"

कुणाला नीट कळलं नाही.

"म्हंजे मी ती चौकट वाचली नसती, दोन जागा हायत हे मला कळलं नसतं. मंग काय झालं असतं? मंग मी खरंच विटाळाची ठरले असते का?"

काकासाहेब चिठ्ठीची घडी घालत राहिले. उषाबाईंनी पदर तोंडाला लावला. दाराशी संघपाल उभा होता, त्याच्याकडे बघायची आता कुणाची छाती होईना. माझ्यासमोर माझ्याच अक्षरातला ठराव होता. मी तो फाडला नाही, कारण फाडला असता तर आम्ही काय करणार होतो हे कुठेच उरलं नसतं. त्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'वरील ठराव खोट्या आधारावर व जातीच्या द्वेषातून मांडला गेला. तो लिहिणारा सचिव व तो मांडणारे अध्यक्ष श्रीमती प्रीती यांची माफी मागतात.' मी सही केली आणि कागद काकासाहेबांपुढे सरकवला. त्यांनी बराच वेळ घेतला, पण सही केली. प्रीतीने तो कागद वाचला, वडिलांना वाचायला दिला, आणि मग खुर्चीवर बसून उषाबाईंचा अहवाल छापायला घेतला.

वाचकहो, यंत्र अडलं तर त्याच्या चौकटीत काय लिहिलंय ते आधी वाचा. नाही समजलं तर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. दोन गोष्टी एकदम बदलून कुणी चमत्कार दाखवत असेल, तर त्याला एकच बदलायला सांगा. एवढ्याने निम्मे महाराज उपाशी मरतील. पण कुणी यंत्राचं किंवा देवाचं नाव घेऊन एखाद्या माणसाला खुर्चीवरून उठवत असेल, तर युक्ती सापडायची वाट बघू नका. युक्ती कळली नाही तरी 'हे चालणार नाही' एवढं म्हणता येतं. शनिवारी मला ते म्हणता आलं असतं.