परीक्षक : व्यंकटराव धानोरकर

बाबांचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी केयूर आला. चपला दाराबाहेर काढल्या, फोटोला नमस्कार केला आणि मी विचारायच्या आधीच पाणी नको म्हणाला. चिकलठाण्याच्या पलीकडे, आमच्या वसाहतीत, त्या मे महिन्यात पाहुणे आधी पाणी नको म्हणत, मग बसत. बसल्यावर त्यानं बॅगेतून दोन कागद काढले.

"एक सही हवी होती, ताई. घाई नाही. सोमवारपर्यंत चालेल."

तो शुक्रवार होता. घाई नाही म्हणणाऱ्या माणसाकडे मी जरा नीट बघते. पुण्यात एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत, आणि नुसती नजर टाका म्हणून पुढे केलेल्या पानांतच चुका जास्त सापडतात.

पहिला कागद बाबांचा होता. 'पाणीवार' या वेबसाइटच्या चाचणीचा दाखला. इकडच्या चौदा वसाहती शेतांचे प्लॉट पाडून झालेल्या. नळ अजून पोचलेला नाही, बोअर आटले आहेत, आणि जे काही पाणी येतं ते टँकरनं. वसाहतींच्या संघानं टँकरच्या पाळीसाठी ही साइट केली, केयूरनं ती बनवली. साइटवर नोंद केली तर दाराशी टँकर. नोंद हुकली तर पुढचे आठ दिवस शेजाऱ्यांकडे बघायचं. जुलैपर्यंतचे टँकर एक कंपनी देणार होती. तिची अट एकच, साइट अपंगांना कुणाच्या मदतीशिवाय वापरता आली पाहिजे आणि तशी ती एखाद्या अंध माणसानं तपासलेली पाहिजे. अंध माणूस म्हणजे माझे वडील. सहा वर्षांपूर्वी काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेली होती.

दाखल्यावर लिहिलं होतं : 'नोंद स्वतः पूर्ण केली. मदत : नाही. वेळ : एक मिनिट चाळीस सेकंद. अडचण : नाही.' खाली सही.

दुसऱ्या कागदावर मजकूर असा, की व्यंकटराव धानोरकर यांचं नाव आणि फोटो परीक्षक म्हणून साइटच्या पहिल्या पानावर ठेवायला कुटुंबाची हरकत नाही. कुटुंब म्हणजे मी.

मी सही उजेडात धरली. बाबा लग्नपत्रिकेच्या जाड कागदात कापलेल्या खाचेत सही करत, त्यामुळे त्यांच्या अक्षरांचे पाय एका रेषेत छाटल्यासारखे दिसत. हीही तशीच होती. सही खरी होती. वरच्या चार ओळींबद्दल मला तसं म्हणवेना.

"वाचून ठेवते," मी म्हटलं.

"त्यात वाचण्यासारखं काही नाही, ताई."

तो गेल्यावर मी दोन्ही कागद पुन्हा वाचले.

शनिवारी सकाळी मी बाबांचा फोन चार्ज केला. पडद्यावरचं सगळं तो वाचून दाखवत असे. बोट उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट, दोनदा टेकवलं की ती उघडणार. पण त्यांनी बोलण्याचा वेग इतका वाढवून ठेवला होता की मला एकही शब्द कळेना. तो आवाज बंद दारामागून पूर्वीही ऐकलेला होता. तेव्हा कधी आत जाऊन विचारलं नव्हतं, काय म्हणतोय.

वेग कमी केला. डोळ्यांवर ओढणी बांधली आणि 'पाणीवार' उघडली. फोटो. मग एक ओळ. मग आवाज म्हणाला, "लेबल नाही. बटण." बोट सरकवलं. "लेबल नाही. बटण." पुन्हा तेच. सलग अकरा वेळा तेच. कुठलं नोंदीचं, कुठलं रद्द करण्याचं, कुठलं वसाहत निवडायचं, काही नाही. ओढणी सोडून पाहिलं तर बटणांवर छान चित्रं होती : टँकर, फुली, घर, कॅलेंडर. डोळ्यांनी पाहणाऱ्याला शंका येणार नाही इतकी स्पष्ट.

वीस मिनिटांत माझ्याकडून नोंद झाली नाही. बाबांना एक मिनिट चाळीस सेकंद लागल्याचं कागद सांगत होता. म्हणजे केयूरनं शेजारी बसून सांगितलं असणार, किंवा स्वतःच दाबलं असणार आणि म्हाताऱ्या माणसाकडून खाचेत सही घेतली असणार. आता तो माणूस बोलायला नव्हता, आणि नेमकं आताच त्याचं नाव पहिल्या पानावर हवं होतं.

दुपारी मी संघाच्या कार्यालयात गेले. केयूर लॅपटॉपवर होता आणि संघाचे अध्यक्ष आप्पासाहेब फोनवर कुणाला तरी समजावत होते की टँकर कालचाच आहे, पण आज पोचेल.

"बटणांना नावं नाहीत," मी केयूरला म्हटलं. "बाबांनी हे कसं केलं?"

"केलं ना काकांनी. माझ्यासमोर."

"तू सांगत होतास का?"

त्याचा चेहरा उतरला. त्यानं फोन माझ्यापुढे धरला. अठरा एप्रिलचा व्हिडिओ होता. याच खोलीत, याच प्लास्टिकच्या खुर्चीत बाबा बसलेले. एका कानात इअरफोन, निळा हाफ शर्ट, दाढी एका बाजूला थोडी राहिलेली. त्यांचं बोट पडद्यावर सरसर चाललं होतं. केयूर टेबलाच्या पलीकडून चित्रण करत होता, त्यामुळे तो दाबत नव्हता हे उघड होतं. शेवटी बाबांनी फोन खाली ठेवला. केयूरचा आवाज : "झालं का काका?" बाबा : "झालं." केयूर : "काही अडचण?" बाबा : "छे."

मी तो तीन वेळा पाहिला. तिसऱ्यांदा फक्त त्यांच्या तोंडाकडे.

"ओठ हलतायत. काय म्हणतायत?"

"पुटपुटत होते काहीतरी. स्तोत्र असेल."

बाबांच्या आजोबांपर्यंत आमच्याकडे भिक्षुकी होती. पण बाबांनी आयुष्यात स्तोत्र म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. इअरफोनमधून कुणीतरी त्यांना सांगत होतं आणि ते मागोमाग म्हणत होते, असं मला वाटलं. तसं मी बोललेही.

आप्पासाहेबांनी फोन बाजूला ठेवला. "हे बघा उमाताई, तुमचं दुःख आम्हाला कळतं. पण पोरावर असा आळ नका घेऊ. लई राबलाय तो."

"मला व्हिडिओ पाठव," मी केयूरला सांगितलं.

बाबांच्या फोनमध्ये रोज दोन जणांचे कॉल होते, केयूरचे आणि रत्नमाला नावाच्या कुणाचे तरी. माझे आठवड्यातून एकदा. रविवारी सकाळी मी रत्नमालाला फोन केला. ती शेजारच्याच वसाहतीत राहत होती, सिल्लोडकडची, एका कारखान्यात टेलिफोन सांभाळायची, आणि जन्मापासून अंध होती. तिच्या दारात दोनशे लिटरचा निळा ड्रम होता, त्यावर पांढऱ्या रंगात तिचं नाव. तो रिकामा होता.

"या ताई. काकांसारखाच आवाज हाय तुमचा, घसा साफ करून बोलायचा," ती म्हणाली. "पाणी नाय विचारत तुम्हाला. राग मानू नका."

मी तिला व्हिडिओबद्दल सांगितलं, इअरफोनच्या संशयाबद्दलही. तिनं फोन कानाला लावला. मी जे डोळ्यांनी तीनदा पाहिलं होतं, ते तिनं एकदाच ऐकलं आणि हसली.

"कोणी सांगत नाय त्यांना. मोजत्यात ते. ऐका. सात, आठ, नऊ."

मी कान लावला. पंख्याच्या आवाजाखाली, अगदी हलकं, बाबा आकडे म्हणत होते.

"अकरा उजवीकडं, दोनदा टॅप. मग चार, दोनदा टॅप," रत्नमाला म्हणाली. "सगळी साइट पाठ होती त्यांना. मलाबी शिकवलं. अजून दोघांना शिकवलं. पोस्टात नोकरीला होते तेव्हा पत्रं टाकायचे ना खणांत, न बघता? तसं म्हणायचे. नाव कशाला लागतं, जागा माहीत पाहिजे."

"तुम्हाला जमत होतं?"

"जमत होतं की. काका गेल्यावर बिघडलं. केयूरनं काकांचा फोटो टाकला ना वर, श्रद्धांजलीचा. एक फोटो, एक ओळ. दोन घरं पुढं सरकली सगळी बटणं. मी आपली अकरा मोजले आन् दाबलं. ते निघालं रद्दचं. मला कुठलं कळायला? टँकर आला, पाइप शेजारणीच्या टाकीत गेला, माझ्या दारावरून तसाच पुढं. सहा दिस झाले. त्या दोघांचंबी तसंच."

मीच त्या फोटोसाठी चांगली प्रत शोधून दिली होती.

"तुम्ही बाबांना कधी म्हणाला नाहीत, की बटणांना नावं हवीत?"

"दहादा म्हणले. काका म्हणायचे, शिकून घे, मी शिकलोच ना. अडचण म्हटलं की त्यांना अपमान वाटायचा, ताई. तुम्हाला म्हाईत नसंल."

मला माहीत होतं. दर रविवारी मी पुण्याहून फोन करत असे. बरे आहात ना? बरा आहे. छातीत दुखतं का परत? छे. गेले त्याच्या दोन दिवस आधीही, छे. मी दिवसभर दुसऱ्यांच्या ओळी संशयानं वाचते. त्या एका शब्दावर मी कधी खूण केली नव्हती.

सोमवारी रत्नमालाला घेऊन मी कार्यालयात गेले. दुसरा कागद सही न करता परत दिला. पहिल्यावर, बाबांच्या 'अडचण : नाही' या ओळीवर, आडवी रेघ मारून खाली लिहिलं होतं : 'चाचणी जागा पाठ करून केली. बटणांना नावं नाहीत. दाखला मागे घ्यावा.' आणि माझी सही.

आप्पासाहेबांनी कागद दोनदा वाचला. "मयत माणसाच्या लिहिण्यावर रेघ मारली तुम्ही. सख्ख्या बापाच्या."

"हो."

"दुपारी कंपनीचे लोक येतायत. त्यांनी टँकर नाकारले तर चौदा वसाहती तुमच्या दारात येतील. काय सांगाल?"

"माझ्या दारात तर सात दिस झाले कोणीच येईना, आप्पासाहेब," रत्नमाला म्हणाली. "टँकरबी नाय."

आप्पासाहेब तिच्याकडे बघत राहिले, मग केयूरकडे. केयूरची नजर टेबलावर होती.

"काकांनी विचारलं होतं मला," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी. बटणांना नावं का नाहीत म्हणून. मी म्हटलं टाकतो. मग तेच म्हणाले, राहू दे, मला लागत नाहीत. मला वाटलं, कुणालाच लागत नसतील."

"किती वेळ लागतो टाकायला?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"अर्धा तास."

आप्पासाहेबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, परत लावला. "एवढे दिवस गेले, आन् अर्धा तास," ते म्हणाले. "टाक. कंपनीवाल्यांना मी सांगतो, पहिली चाचणी नापास झाली. नाव सांगू का कुणाची ते?"

प्रश्न मला होता.

"सांगा," मी म्हटलं.

केयूरनं लॅपटॉप उघडला. त्यानं श्रद्धांजलीचा फोटो काढू का म्हणून विचारलं, आणि मी काढ म्हणाले. अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला. या वेळात रत्नमाला त्याच प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होती, फोन मांडीवर पालथा घालून. मग त्यानं सांगितलं, आता उघडा.

तिनं उघडलं, बोट सरकवलं आणि थांबली. फोन काहीतरी भरभर बोलला होता, बाबांच्या फोनइतक्याच वेगानं.

"हे म्हणजे वसाहत निवडायची ना, ते..." केयूर खुर्ची ओढून तिच्याजवळ सरकला.

"तुमी नका सांगू," रत्नमाला म्हणाली. "फोनाला सांगू द्या."