अबोला मोडायची चाल

नणंद-भावजयीचं नातं म्हणजे विळ्या-भोपळ्याचं, असं लोक म्हणतात. आमचं मात्र पहिल्याच वर्षी मेतकूट जमलं. एकमेकींना पाण्यात पाहायचो ते फक्त पटावर. ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे काढते, मी छापखान्यात बांधणी करते. एका रद्द नकाशाच्या पाठीवर तिने एक उतार काढला, मी तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवला, आणि आमचा खेळ सुरू झाला.

खेळ साधा. वर झरा, खाली दोघींच्या दोन बागा. आपल्या पाळीला एक तर पाट एक घर पुढे खणायचा, नाहीतर फळी घालून पाणी अडवायचं. पाणी म्हणजे निळे मणी. जिच्या झाडांची सगळी आळी आधी भरतील ती जिंकली. कागदावर छान होतं. खेळताना मात्र शेवटी दोघींच्या फळ्या समोरासमोर यायच्या. जी आधी काढेल ती हरणार असं आम्ही धरून चाललो होतो, त्यामुळे कुणीच काढायचं नाही आणि डाव तिथेच थिजायचा. त्याला आम्ही नाव ठेवलं होतं अबोला. घरं वाढवून पाहिली, मणी कमी करून पाहिले, अबोला काही सुटेना.

मधल्या काळात माझं लग्न मोडलं. कपाट, भांडी, गादी, सगळ्याची वाटणी झाली. नणंद कुणाकडे, हे मात्र कुठल्याच कागदात नव्हतं. ती आपली येत राहिली. रविवारी दुपारी जिन्यातूनच ओरडायची, "वहिनी, दार उघड." छापखान्यात मी 'बाई', घरमालकाला मी 'दुसरा मजला'. वहिनी म्हणणारी ही एकच. नवऱ्याचं सगळं मी परत केलं, हा शब्द तेवढा ठेवून घेतला. खरं सांगायचं तर मी तिची वाट खेळासाठी कमी आणि त्या हाकेसाठी जास्त बघायचे.

मग तिच्या भावाने दुसरं लग्न केलं. तरी ती येत राहिली. एकदा म्हणाली, आपण एकमेकींच्या चाली इतक्या ओळखतो की आपल्याला खेळातली खोट दिसायचीच नाही. कुणीतरी कोरं माणूस आणू, त्याच्या हातात नुसते नियम देऊ आणि आपण अवाक्षर बोलायचं नाही. मी छापखान्यातल्या कटिंगवाल्याचं नाव काढलं. तो वाचायला बसला तर घोरायला लागेल, असं तिचं म्हणणं पडलं, आणि ते खोटं नव्हतं. मग एका वाटीतले मणी दुसऱ्या वाटीत ओतत तिने विचारलं, "घरातल्या एकीला आणू?"

कोण ते मला कळलं. डोक्यात सणक गेली. पण नाही म्हटलं आणि पुढच्या रविवारी हीच आली नाही तर? म्हटलं, आण, खेळासाठी काय वाट्टेल ते.

नवी आली. तिच्यात काहीतरी खोट निघावी असं मला मनापासून वाटत होतं, पण बाईने चपलासुद्धा नीट जोडीने काढल्या. ओळीखाली बोट धरून सगळे नियम वाचले. नणंद तिच्यासमोर खेळायला बसली. मी पलंगाच्या कडेला, हाताची घडी, तोंडावर बोट.

बोलायचं नसलं की माणूस ऐकायला लागतं. आल्यापासून नणंद कुणालाच हाक मारत नव्हती. मला "अगं", तिला "हे बघ". चहा कुणाला हवा हेही तिने भिंतीकडे बघून विचारलं. शब्द एक आणि माणसं दोन, बिचारीची पंचाईत झाली होती.

अबोला व्हायचा तेव्हा झालाच. नणंदेने हात टेकले. नवी मात्र पटाकडे बघत राहिली. मग नियमांचा कागद उलटसुलट करून तिने मला विचारलं, "माझीच फळी काढून मी हिच्या बागेत पाणी सोडलं, तर चालतं का?"

नियम मीच लिहिले होते. चालत नाही असं त्यात कुठेच नव्हतं. असं कुणी करेल हे आम्हा दोघींना सुचलंच नव्हतं. मी तोंडावरचं बोट काढलं नाही. तिने फळी उचलली. पाणी नणंदेच्या पाटांत शिरलं, एकेक आळं भरत गेलं, पण शेवटची आळी नणंदेच्या स्वतःच्याच फळीमागे कोरडी राहिली. उरलेलं पाणी वळून उताराने खाली आलं आणि नवीची बाग भरली.

"वहिनी, तू अबोला मोडलास!" नणंद ओरडली.

आम्ही दोघींनी मान वर केली. नणंदेचे कान लाल झाले.

इतक्या दिवसांचं अडलेलं सुटलं याचा मला आनंद झाला, तो खराच होता. पण खोली माझी, पट माझा, आणि हाक तिची. रागवायचं तर कुणावर? तिने बिचारीने दिलेले नियम तेवढे वाचले होते. आणि नणंद अशीच भिंतीकडे बघत राहिली, तर हळूहळू यायचीच बंद झाली असती. म्हटलं, आपणही पाणी सोडावं.

"वहिनी ही," मी म्हटलं. "मला आता नावाने हाक मारत जा."

नणंद म्हणू लागली की तसं काही नाही, चुकून तोंडातून गेलं. नवीने अदबीने माझं नाव विचारलं, ते मी सांगितलं. मग नणंदेनेही एकदा म्हणून पाहिलं. नाव माझंच, पण कचेरीच्या खिडकीपाशी पुकारतात तसं ऐकू आलं. ती ओशाळून हसली. पुढच्या रविवारी येतेस ना, असं मी विचारलं. न यायला काय झालं, ती म्हणाली. पूर्वी हा प्रश्नच नसायचा.

त्या निघाल्या. दार लोटून मी मणी गोळा करायला बसले. खालून, जिन्यातून, नणंदेचा आवाज आला, "वहिनी, जपून. शेवटची पायरी मोडकी आहे."

"हो," मी आतून म्हटलं.