डॉक्टरांचा एकच सवाल

केसरबाई तशी खोटं बोलणारी बाई नव्हे. पण त्या दिवशी बीडच्या सरकारी दवाखान्यात ती धडधडीत खोटं बोलली, आणि तेही सुनेच्या जिवाशी गाठ असताना.

झालं असं. तेलगावहून निघून त्यांनी बीडच्या धर्मशाळेत मुक्काम केला आणि सकाळी दर्शनाला कपिलधारची वाट धरली. गाडी केसरबाईचे मालक आप्पाराव हाकत होते. मागे केसरबाई आणि सून तारा. कोसभर गेल्यावर उताराला बैल बुजले, गाडी कलंडली आणि तिची कड ताराच्या ओटीपोटावर आदळली. पोर उठली, चार पावलं चाललीसुद्धा, मग पोट धरून खालीच बसली. लघवीला लागलीय म्हणे, पण बसवलं की रक्ताचे दोन थेंब. गाडी सरळ करून तिला बीडला माघारी आणलं.

दवाखान्यातले डॉक्टर हैदराबादचे, पण मराठी चांगली बोलायचे. ते आप्पारावांसोबत पडद्याबाहेर उभे राहिले. आत दाई चतुराबाईनं लघवीच्या वाटेनं रबराची नळी घातली. दोन चमचे लाल पाणी आलं, बस.

"गाडी उलटली त्याआधी पेशाबला कधी गेली होती?" डॉक्टरांनी बाहेरून विचारलं.

तारानं डोळे उघडून सासूकडं पाहिलं.

"निघताना जाऊन आलती," केसरबाई बोलून गेली.

कुठली जाते! धर्मशाळेच्या अंगणात सकाळपासून बाप्यांची गर्दी. वाटेत तारा दोनदा कानाशी पुटपुटली होती, "आत्याबाई, गाडी थांबवा की." केसरबाईनं तिला चिमटा काढला होता. "सासऱ्याला गाडी थांबवा म्हनायचं व्हय? दाब जरा. आमी न्हाई का दाबलं जनमभर?" आता हे नवऱ्यासमोर आणि परक्या माणसासमोर कोणत्या तोंडानं सांगायचं?

बाहेर डॉक्टर आप्पारावांना समजावत होते. "पेशाबची पिशवी रिकामी असेल तर ठीक. रिकामी पिशवी हाडामागं दडून असते, सहसा फुटत नाही. मग पोट फाडायची घाई नको, उद्यापर्यंत बघू."

"आन भरल्याली आसती तर?"

"तर फुटली असणार. पेशाब पोटात सांडतोय. उद्यापर्यंत थांबलो तर पोरगी हातची जाईल."

आत केसरबाईनं हे सारं ऐकलं. ताराचा हात तिच्या हातात होता, गार पडलेला. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि पडदा सारून बाहेर आली.

"म्या खोटं बोलले. कालच्या सांजंपासनं गेली न्हाई ती. दोनदा म्हनली गाडी थांबवा. म्याच थांबू दिली न्हाई."

आप्पारावांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी दाईला उकळून निववलेलं अर्धा शेर पाणी नळीवाटे आत सोडायला लावलं. वाडग्यात परत आलं ते जेमतेम पावशेर, तेही तांबूस.

"फुटलीय," डॉक्टर म्हणाले आणि बाह्या वर करून हात धुवायला गेले.

क्लोरोफॉर्म दिला, पोट उघडलं. पिशवीला वरच्या अंगाला दोन बोटं चीर होती. ती दुहेरी टाक्यांनी शिवली आणि नळी दहा दिवस आतच ठेवली. त्या दहा दिवसांत केसरबाई नळीखालच्या बाटलीपासून हलली नाही. पाणी लाल, मग गुलाबी, मग पिवळं झालं. अकराव्या दिवशी नळी निघाली आणि तारा आपली आपण लघवी करून आली, तेव्हा केसरबाई पदरात तोंड घालून रडली.

मग ते तेलगावच्या परतीच्या वाटेला लागले. कोसभर गेल्यावर ताराची चुळबुळ सुरू झाली, पण तोंडातून शब्द नाही. केसरबाईनं ओळखलं.

"आवं, गाडी थांबवा. मला लघवीला जायाचंय," ती चांगली मोठ्यानं म्हणाली. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा.

आप्पारावांनी कासरा ओढला, खाली उतरले आणि बैलांपुढं जाऊन पाठमोरे उभे राहिले. केसरबाईनं ताराला हात धरून उतरवलं. तिला स्वतःला काही लागली नव्हती, तरी ती सुनेशेजारी बसली.

पुढच्या कोसावर आप्पारावांनी कुणी न सांगताच गाडी उभी केली.