सीडीतली राणी

२००९ साली मी बीएस्सी करून हिंगोलीत नेट कॅफे सांभाळत होतो. पुसेगावच्या भागूबाईंची लेक राणी पुण्यात नर्सिंग शिकायची. कॉलेजच्या कार्यक्रमात ती बोलली, तो व्हिडिओ कॉलेजच्या वेबसाइटवर होता. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना तो घरच्या टीव्हीवर पाहायचा होता. वेबसाइटच्या पानात बसवलेल्या व्हिडिओला उतरवून घ्यायचं बटण नव्हतं. तो पूर्ण वाजला की फाइल ब्राउझरच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये सापडे, पण मधेच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी कशीबशी सीडी करून जीपवाल्याबरोबर पाठवली.

आठवड्याने भागूबाई स्वतः आल्या आणि स्टुलावर टेकल्या.

"पोरगी पार वाळली, दादा. तिचे बाबा बराबर जेवून न्हाई राहिले. म्हणतात, शिक्षण पुरे, घरी आणा."

मी सीडी लावली. राणी खरंच काडी दिसत होती. पण तिच्या मागचं घड्याळही अंड्यासारखं उभट होतं. सीडी करायच्या सॉफ्टवेअरने रुंद चित्र टीव्हीच्या चौकोनी चौकटीत दोन्ही बाजूंनी दाबून बसवलं होतं.

वर-खाली काळ्या पट्ट्या सोडून मी नवी सीडी केली. आता राणी चांगली भरलेली दिसली. भागूबाई बराच वेळ पाहत राहिल्या.

"आमच्या समाधानासाठी फुगवली तर न्हाई ना तुमी?"

"मावशी, मागचं घड्याळ बघा. आता गोल आहे."

त्यांनी दोन्ही सीडी पिशवीत ठेवल्या.

"पयले तिच्या बाबाला घड्याळ दाखवते," त्या गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाल्या, "मग पोरगी."