जिन्याखालची गिटार

“हीच ती,” असं म्हणत त्याने गिटार उचलली आणि कॅमेऱ्याकडे बघत तिच्या मानेवर ओठ टेकवले. मला शिसारी आली. पोरांची घामट बोटं रोज त्याच मानेवर फिरतात, तेव्हा मला कधी काही वाटलं नव्हतं.

“याच गिटारवर मी पहिला सूर लावला.”

मुख्याध्यापकांनी चष्मा काढून डोळे पुसले.

धडधडीत खोटं! आज हा मोठा गायक आहे, चौकाचौकात त्याची पोस्टर्स लागतात. शाळेत होता तेव्हा माझ्या संगीताच्या वर्गात तो दारापर्यंत आला होता आणि गिटार बघून मागे फिरला होता. “बाई, हे तर लहान पोरांचं खेळणं आहे. मला खरी हवी,” हे त्याचे शब्द.

खेळणं म्हणा हवं तर. ही इलेक्ट्रिक गिटार शिकाऊंसाठीच बनवलेली. मान आखूड, तिच्यावरचे धातूचे पडदे जवळजवळ, म्हणजे लहान हातांनाही पोच मिळावी. दुकानात असल्या गिटारी खालच्या फळीवर असायच्या आणि जरा हात बसला की शिकणारा आधी तिलाच विकून मोकळा व्हायचा. पुढे परदेशातल्या कुण्या अवलियाने भर स्टेजवर तसलीच वाजवली आणि जन्मभर नाकं मुरडणारे तिच्यासाठी दुकानं पालथी घालू लागले. मी मात्र नोकरीला लागल्यापासून जिन्याखालच्या खोलीत हिच्यावरच शिकवते आहे. मीही बुटकीच. पोरं माझ्या पाठीमागे मला ‘आखूड मान’ म्हणतात, आणि मला ते आवडतं.

फोटोसाठी त्याने तारांवर जोरात हात मारला. जाड तार खाचेतून निसटली आणि खरखरली. ही तिची जुनी खोड. तिच्यावर थोडे दिवस जरी काढले तरी माणसाचा हात आपोआप हलका होतो. याचा कुठला व्हायला? सगळे हसले, तोही हसला, आणि खिशातून मार्कर काढून त्याने तिच्या वरच्या कडेपासून पोटापर्यंत आडवीतिडवी सही ठोकली.

“आता ही काचेच्या कपाटात,” मुख्याध्यापक म्हणाले. “उद्याच उद्घाटन.”

“आणि मी शिकवू कशावर?”

“बाई, हा ठेवा जपायला नको का?”

मला पोरांपेक्षा मावशींची काळजी वाटली. मावशी शाळेची साफसफाई करतात. संधिवाताने त्यांची बोटं आखडली आहेत. शाळा सुटल्यावर जिना पुसून झाला की हात कोरडे करून त्या माझ्याकडे शिकायला येतात. मोठ्या गिटारवर त्यांची बोटं पोचतच नाहीत, हिच्यावर पोचतात. “दिवसभर तेवढंच डोक्यात घोळत असतं बघा,” असं एकदा म्हणाल्या होत्या. त्यांना हे सांगायची माझी छाती झाली नाही. गिटार खोलीत ठेवून मी सरळ घर गाठलं.

सकाळी आले तर मावशी दारात उभ्या, चेहरा खुललेला.

“बाई, कुण्या कार्ट्याने आपल्या गिटारवर गिरगटून ठेवलं होतं. थिनरने काढलं सगळं. जरा रंग गेला, पण डाग नाही राहिला.”

रोज बाकांवरची नावं आणि भिंतींवरची चित्रं पुसणारा हात तो. त्याने इथेही आपलं काम केलं होतं. सही गेली होती आणि तिच्याबरोबर रंगही; आतलं लाकूड उघडं पडलं होतं. मला हसू फुटलं, पण लगेच आवरलं. मावशी कंत्राटावर होत्या. मुख्याध्यापकांनी एक शब्द टाकला असता तरी त्या घरी बसल्या असत्या.

मुख्याध्यापक आले. गिटार बघून त्यांचे डोळे पांढरे झाले. “हे कुणी केलं?”

मावशींनी तोंड उघडलं.

“मी,” मी म्हणाले.

“तुम्ही? का पण?”

“घाण वाटली म्हणून.”

उद्घाटनाला तो गायक येणारच होता; तिथे सगळ्यांसमोर त्याची माफी मागायची, असं ठरलं. मागितली. त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला. “अहो, बाईंना सगळं माफ,” असं तो माइकवर म्हणाला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मग त्याने गाडीतून स्वतःची लांब मानेची चकचकीत गिटार मागवली आणि तिच्यावर सही केली. पोपडे निघालेली गिटार कपाटात शोभत नाही, असं मुख्याध्यापकांचं म्हणणं पडलं. पाटी आधीच रंगवून ठेवलेली होती, तीच लावली: ‘याच गिटारवर त्यांनी पहिला सूर लावला.’ कुणाला काही खटकलं नाही. पोरं रांग लावून काचेला नाक चिकटवत होती. इतक्या वर्षांत या शाळेची मला एवढी किळस कधी आली नव्हती.

शाळा सुटल्यावर नळावर जाऊन मी मान आणि खांदा साबणाने घासला. त्याच्या अत्तराचा वास जाता जात नव्हता.

खोलीत आले तर मावशी दाराबाहेर बादली धरून उभ्या होत्या. त्यांना सगळं कळलं होतं.

“बाई, माझ्यापायी तुम्हाला…”

“बादली ठेवा. बसा.”

त्यांनी ओले हात कपड्यांना पुसले आणि गिटार मांडीवर घेतली. त्यांचा उजवा हात नेमका उघड्या लाकडावर टेकला. तो उचलावा की नाही, असं त्यांना क्षणभर झालं.

“असू द्या,” मी म्हणाले.

त्यांनी हलकेच जाड तार छेडली. ती खाचेतच राहिली.