कमरुद्दीनचाचांचं पॅकिंग

पनवेलच्या मोहल्ल्यातून आखातात जाणारा माणूस आधी तिकीट काढतो आणि मग कमरुद्दीनचाचांना बोलावतो, अशी रीतच पडून गेली होती. विमान कंपनी वजनाला मर्यादा घालते, पण मागे लागलेल्या नातेवाइकांना कोण मर्यादा घालणार? आई मसाला देते, खाला, म्हणजे मावशी, सुकवलेले सोडे देते, शेजारीण म्हणते माझ्या लेकीला एवढे पापड तेवढे पोचवा, तिचा जीव कासावीस झालाय. हे सगळं एका खोक्यात बसवायचं म्हणजे चाचाच हवेत. अर्धं आयुष्य कुवेतच्या गोदामात काढून आलेला माणूस तो. त्यांनी बांधलेलं खोकं परमुलखात विमानतळाच्या पट्ट्यावरून फिरत आलं, की आपल्याकडचे लोक दोरीची गाठ बघून ओळखायचे. बाटली फुटली नाही, लोणचं गळलं नाही, वजनाचा काटा कधी पुढे सरकला नाही. चाचांना याचा गर्व होता, आणि का नसावा? पण त्या वर्षी सून परत निघाली तेव्हा कुणीतरी त्यांचा हात धरायला हवा होता. धरला नाही कुणीच.

सून म्हणजे ताहिरा. उरणजवळच्या मोऱ्याला माहेरी बाळंत झाली, मुलगी झाली, नाव जास्मीन. आता नुकती मान धरायला लागलेली जास्मीन आणि तीन वर्षांचा ओवेस अशा दोघांना घेऊन ती एकटी नवऱ्याकडे निघाली होती. नवरा, म्हणजे चाचांचा एकुलता एक अरबाज, रास-अल-खैमाला नोकरीला. विमान शारजाला उतरायचं आणि तिथून घरापर्यंत वाळूतून गेलेला तासाभराचा सरळसोट रस्ता. त्या रस्त्यावर गाड्या कशा सुटतात ते अरबाज फोनवर सांगायचा. त्याच्या ओळखीतल्या एकाचं पोर आईच्या मांडीवर बसलं होतं, गाडी पुढच्या ट्रकवर आदळली, आणि त्यापुढचं अरबाजने कधी सांगितलं नाही. तेव्हापासून ओवेस गाडीतल्या त्याच्या लहान मुलांच्या खुर्चीत बसून पट्टे लागल्याशिवाय अरबाज गाडीला किल्ली लावत नसे. जास्मीनसाठीही त्याने छोटी खुर्ची घेऊन गाडीत बांधून ठेवली होती.

ओवेसची खुर्ची ताहिरा येताना बरोबर घेऊन आली होती. करड्या रंगाची, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पंख असलेली, चांगली जाडजूड. सुकापूरचा दयाराम म्हणजे मोहल्ल्याचा ठरलेला ड्रायव्हर. तो एअरपोर्टवर ती खुर्ची बघून म्हणाला होता, आमी पोरं टेम्पोच्या मागं उभी करून वाढवली, काय झाला नाय. सगळे हसले होते. चाचा सगळ्यात मोठ्याने हसले होते. घरी ती खुर्ची ओटीवर ठेवली गेली आणि ओवेस तिच्यात बसून दूधभात खाऊ लागला. पनवेलमध्ये तिला दुसरं काम नव्हतं.

परतायचे दिवस जवळ आले तसा ताहिराच्या जिवाला घोर लागला. विमान वर चढताना बाळाचे कान दुखतात, तेव्हा बाटली हाताशी हवी. ओवेसला शी लागली तर जास्मीनला कुणाकडे द्यायचं? तिला वाटत होतं, खुर्ची विमानातच न्यावी, सीटवर बांधावी, म्हणजे ओवेस एका जागी तरी राहील. अरबाजचंही तेच म्हणणं होतं. विमान कंपनीकडे विचारलं तर ते म्हणाले, ओवेसचं तिकीट आहे तर वर न्या, नाहीतर खाली सामानात टाका, लहान मुलाची खुर्ची आम्ही वजनात धरत नाही.

वजनात धरत नाहीत म्हटल्यावर चाचांचे कान टवकारले. ताहिराच्या आईने मोऱ्याहून सोडे आणि सुकट पाठवली होती, मुबीनाबीने, म्हणजे चाचांच्या बायकोने, वर्षाचा मसाला कुटून ठेवला होता, तांदळाचं पीठ दळून आणलं होतं. खोकी भरली तरी निम्मं सामान बाहेर. आणि ही एवढी मोठी पोकळ वस्तू फुकट जाणार, ती रिकामी पाठवायची? चाचांच्या दृष्टीने तो गुन्हाच होता. खुर्ची सामानातच जाईल, त्यांनी सांगून टाकलं. सासऱ्यापुढे ताहिरा फार बोलली नाही.

निघायच्या आदल्या दुपारी चाचा ओटीवर खुर्ची घेऊन बसले. ताहिरा आत जास्मीनला पाजत होती. तिथूनच ती म्हणाली,

"अब्बा, तिचं काही काढू नका हं. जशी आहे तशीच लागते ती."

चाचा हसले आणि म्हणाले, तू बाळाला बघ, पॅकिंग मला बघू दे. आजवर मोहल्ल्यात कुणी त्यांना पॅकिंग शिकवलं नव्हतं, आणि ही कालची पोर शिकवायला निघाली होती.

त्यांनी कापडी कव्हर सोडवलं. आत बघतात तो काय, थर्माकोल! पाठीला थर्माकोल, दोन्ही पंखांना थर्माकोल. चाचांना हसूच आलं. कारखानेवाल्यांनी माल पाठवताना घातलेलं थर्माकोल आमच्या शहाण्या मुलाने काढलंच नव्हतं. नव्या टीव्हीवरचं प्लास्टिक वर्षानुवर्षं तसंच ठेवणारी माणसं असतात, त्यातलीच ही जात. थर्माकोल जागोजागी चिकटवलेलं होतं. चाचांनी सुरीचं पातं आत सरकवून ते अल्लद सुटं केलं, एक टवका उडू दिला नाही. मधोमध त्याला गुळगुळीत खळगा होता. असेल काहीतरी, म्हणून त्यांनी तिकडे बघितलंही नाही.

मुबीनाबी चहा घेऊन आली आणि म्हणाली, हे कशाला काढलंत? चाचा म्हणाले, अगं, पॅकिंगचं आहे ते.  त्या घरात पॅकिंग हा शब्द आला की पुढे कुणी बोलत नसे.

मोकळ्या झालेल्या जागेत त्यांनी सोडे चपटे करून बसवले, मसाल्याच्या पिशव्या पंखांत घातल्या, पीठ पाठीशी थापलं, आणि वर कव्हर ओढून घेतलं. बाहेरून फरक म्हणून कळेना. चाचांनी हाताने दाबून बघितलं. आधीपेक्षा मऊ लागत होतं, पोराला बरंच वाटेल असं त्यांना वाटलं. थर्माकोल त्यांनी माळ्यावर ठेवून दिलं. थर्माकोल फेकायचं नसतं, कुणाच्या ना कुणाच्या काचेच्या भांड्यांना लागतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दयारामची टवेरा गाडी आली. खुर्ची प्लास्टिकमध्ये गुंडाळून, दोरीने आवळून टपावर चढवली. ओवेस चाचांच्या मांडीवर बसला. वाशीचा पूल येईपर्यंत त्याने त्यांना भंडावून सोडलं. माझी खुर्ची वर का? मला बेल्ट का नाही? बेल्ट नसला की पप्पा गाडी चालवत नाहीत, दयारामचाचा कशी चालवतात? शेवटी त्याने स्वतःच चाचांचे दोन्ही हात ओढून आपल्या छातीवर आडवे घेतले आणि म्हणाला, हा बेल्ट. चाचांना भरून आलं. त्यांनी हात सैल होऊ दिले नाहीत, एअरपोर्ट येईपर्यंत खांदा अवघडला तरी.

एअरपोर्टच्या दारापाशी गर्दी होती. जास्मीन रडत होती. तेवढ्यात चाचांनी ताहिराला बाजूला घेऊन सांगितलं की कव्हरच्या आत थोडं सामान आहे, गाडीत बसायच्या आधी पार्किंगमध्ये काढून घ्या, मग ओवेसला बसवा. ताहिराचा चेहरा उतरला.

"अब्बा, आतलं काही काढलं नाही ना?"

"खुर्चीचं काही नाही काढलं. नुसतं भरलं."

ते खोटं बोलत नव्हते, हेच तर वाईट. ताहिराने मान हलवली, एका हाताने बाळ, एका हाताने ओवेस, आणि पुढे ढकलायची ती ट्रॉली. ओवेस आत जाईपर्यंत मागे वळून हात हलवत होता.

घरी पोचलो की मिस्ड कॉल द्यायचा, ही त्यांच्याकडची जुनी पद्धत. चाचा कुवेतला असल्यापासूनची. दोन रिंगा द्यायच्या आणि कट करायचं, म्हणजे समजायचं, माणूस सुखरूप आहे. बोलणं मग निवांत.

चाचा पनवेलला परतले, जेवले, पडले, पण झोप लागली नाही. पोरं नाहीत म्हणून असेल. असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची, नमाज पढून आले आणि केळी आणायला उरण नाक्यावर जावं म्हणून त्यांनी खुंटीवरचं हेल्मेट काढलं. जुनं हेल्मेट, आतलं कापड केव्हाच फाटलेलं. डोक्यात घालता घालता त्यांची बोटं आत गेली आणि तिथेच राहिली.

कापडाच्या मागे थर्माकोल होतं.

त्यांनी हेल्मेट खाली ठेवलं. मग स्टूल ओढून माळ्यावर चढले, ते पांढरे तुकडे खाली काढले आणि मोठा तुकडा मांडीवर घेऊन बसले. मधल्या खळग्यात त्यांनी तळवा ठेवला. रोज सकाळी ओवेसच्या डोक्याला तेल चोळायचे ते. हा आकार त्यांच्या तळव्याला पाठ होता.

थर्माकोल कशाला घालतात, हे कमरुद्दीनला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. फुटणाऱ्या मालाभोवती घालतात. कुवेतच्या गोदामात पहिल्या दिवशी शिकवतात ते. हा माल कुठला, एवढंच त्यांनी स्वतःला विचारलं नव्हतं.  त्यांनी फोन उचलला.

ताहिराचा फोन बंद लागला. अरबाजचा लागला. त्याने उचलला, मागे गाडीचा आवाज होता.

"अब्बा! उतरले सगळे, निघालोसुद्धा. आणि मानलं तुम्हाला. पार्किंगमध्ये सामान काढलं, मसाल्याचा एक कण सांडलेला नाही. बाजूचे लोक बघत राहिले."

मागून ओवेस ओरडला, "दादाअब्बा, बेल्ट लावला!"

चाचांनी तोंड उघडलं. एकच वाक्य बोलायचं होतं. गाडी बाजूला घे, मी खुर्चीचं थर्माकोल काढलंय. एवढंच. लहान मुलालाही बोलता आलं असतं. पण मुबीनाबी दारात येऊन उभी राहिली होती, मुलाने फोनवर मोठ्याने केलेली तारीफ तिने ऐकली होती आणि ती हसत होती. चाचांना दिसलं की हे वाक्य बोलल्यावर अरबाज ताहिराला काहीतरी विचारेल, आणि मोहल्ल्यात पुढच्या जुम्म्यापर्यंत सगळ्यांना कळेल. तासाभराचा तर रस्ता. उद्या निवांत सांगू, पॅकिंगचा विषय काढून, हसत हसत. कुणी जाणारं बघून थर्माकोल पाठवून देऊ.

"सावकाश चालव," ते म्हणाले.

"हो अब्बा." फोन बंद झाला.

मुबीनाबीने विचारलं, हे मांडीवर काय घेऊन बसलात?  ती आत गेली. त्यांनी फोन पुन्हा उचलला आणि पुन्हा ठेवला. गाडी चालवणाऱ्याला सारखा फोन करू नये, असं त्यांनी मनाशी म्हटलं, आणि आपण हे का म्हणतोय ते त्यांना चांगलं कळत होतं. स्वतःची लाज वाटली त्यांना. तरी फोन खालीच राहिला. कापड तेच आहे, पट्टे तेच आहेत, पट्टे तर घट्ट असतात, असंही त्यांनी म्हणून बघितलं. तळवा खळग्यातून निघत नव्हता.

सूर्य मावळला, मगरिबची अजान झाली. मशीद दोन घरं सोडून, चाचांची जमातीबरोबरची नमाज कधी चुकत नसे. मुबीनाबीने आतून आठवण केली तरी ते उठले नाहीत. रस्ता संपायला हवा होता एव्हाना. पेट्रोल भरायला थांबले असतील. बाळ रडलं असेल, ताहिराने गाडी थांबवून पाजलं असेल. आता येईल मिस्ड कॉल. दोन रिंगा, की मी सगळं सांगून टाकतो, अल्लाची शपथ, सगळ्या मोहल्ल्यासमोर सांगतो, फक्त दोन रिंगा येऊ देत.

फोन वाजला. अरबाजचं नाव होतं.

एक रिंग झाली. दुसरी झाली. "पोचले वाटतं," मुबीनाबी स्वयंपाकघरातून म्हणाली आणि तिने सुटकेचा श्वास टाकला. चाचांनी डोळे मिटून घेतले.

तिसरी रिंग झाली.

चौथी झाली. मुबीनाबी हात पुसत बाहेर आली आणि दारातच थबकली. "उचला ना," ती म्हणाली, हळू आवाजात. चाचांचा हात खळग्यातच होता, आणि फोन वाजत राहिला.